जनुकशाळेतून खाणीकडे: स्पेस स्टेशन १३ मधील दोन नोकऱ्या कशा शिकाव्यात

स्पेस स्टेशन १३ हा अनेकांनी ऑनलाइन एकत्र खेळायचा खेळ आहे; त्यात प्रत्येकजण अंतराळ स्थानकावरची एक नोकरी सांभाळतो. त्यात पाऊल टाकणाऱ्या नव्या खेळाडूला सहसा ‘असिस्टंट’, म्हणजे ठरावीक काम नसलेला मदतनीस, होऊन स्थानकभर भटकण्याचा सल्ला दिला जातो. सांगलीत बसून खेळणाऱ्याला मी तो सल्ला देत नाही. मोठे सर्व्हर बहुतेक अमेरिकेत किंवा युरोपात आहेत. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत आपली आज्ञा पोहोचून उत्तर परत येईपर्यंत सहज पाव सेकंद निघून जातो, आणि ज्या कामात धावपळ व मारामारी असते तिथे हा पाव सेकंद जिवावर बेततो. म्हणून पहिली नोकरी अशी घ्यावी, की जिच्यात दार बंद करून एका यंत्रापुढे शांतपणे बसता येईल. जनुकशास्त्रज्ञाची म्हणजे जेनेटिसिस्टची नोकरी तशी आहे. कीबोर्डवर हात बसला, वस्तू उचलणे, ओढणे, पिशवीत ठेवणे, रेडिओवर बोलणे अंगवळणी पडले, की मग खाणीत उतरावे. तासगावच्या माझ्या मामेभावाला मी याच क्रमाने शिकवले, आणि त्याच्या घरची द्राक्षबाग या शिकवणीत अनपेक्षितपणे उपयोगी पडली. तिचा उल्लेख पुढे येईलच.

हा खेळ २००३ पासून बायॉन्ड या मंचावर चालतो. बायॉन्डचे खाते फुकट मिळते आणि खेळही फुकट आहे. मात्र हा एकच खेळ नसून एकाच मुळातून फुटलेल्या अनेक फांद्या आहेत: टीजीस्टेशन, गूनस्टेशन, पॅराडाइज आणि त्यांच्यापासून निघालेले कितीतरी सर्व्हर. येथे सांगितलेली पद्धत टीजीस्टेशनच्या कोडला धरून आहे. काही जुन्या वळणाच्या सर्व्हरांवर जनुकशास्त्रज्ञाकडे क्लोनिंगचेही काम असते आणि जनुकांचे कोडे आकड्यांच्या ठोकळ्यांतून सोडवावे लागते. तिथे हा लेख जसाच्या तसा लागू पडणार नाही.

वेळेचेही गणित करावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच किंवा, तिकडे हिवाळा असेल तर, साडेसहा वाजलेले असतात. मध्य युरोपातल्या रात्री आठला आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार असतो. नवशिक्याने गर्दीच्या वेळेपेक्षा कमी वस्तीचा राउंड, म्हणजे खेळाचा एक पूर्ण डाव, निवडावा. राउटर इन्व्हर्टरवर असावा हे वेगळे सांगायला नकोच. वीज गेली तरी आपले पात्र नाहीसे होत नाही; ते जागच्या जागी झोपल्यासारखे उभे राहते. लाव्हालँडवर, म्हणजे खाण असलेल्या लाव्ह्याच्या ग्रहावर, असे उभे राहणे म्हणजे काय, हे मी एका वळवाच्या पावसात शिकलो.

बोलण्यासाठी चार खुणा लक्षात ठेवाव्यात. वाक्याआधी अर्धविराम दिला तर ते सार्वजनिक रेडिओवर जाते. कोलन आणि इंग्रजी एन दिल्यास विज्ञान विभागाला, कोलन आणि यू दिल्यास पुरवठा विभागाला ऐकू जाते. काहीच दिले नाही, तर फक्त आजूबाजूच्या माणसांना. आणि एक नियम असा, की तो मोडल्यास हकालपट्टी होऊ शकते: एकाच राउंडमध्ये असलेल्या दोघांनी खेळाबाहेर बोलून माहिती देऊ-घेऊ नये. आम्ही दोघे भाऊ एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसलेलो असताना तो ओरडला, “दादा, माकड सुटलंय की!” आणि मला त्याच्याकडे न बघता, तोंड मिटून, रेडिओवर ती बातमी येण्याची वाट पाहावी लागली. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वेगवेगळ्या राउंडमध्ये खेळावे.

जनुकशाळेतले काम

राउंड सुरू झाला की आपण विज्ञान विभागातील जनुकशाळेत उभे असतो आणि आपला वरिष्ठ म्हणजे रिसर्च डायरेक्टर. खोलीत डीएनए कन्सोल, त्याला जोडलेला डीएनए स्कॅनर आणि पिंजऱ्यात काही माकडे असतात. एका माकडाला धरून ओढत न्यावे, स्कॅनरवर सोडावे, झाकण बंद करावे आणि कन्सोल उघडावा. पिंजऱ्याचे दार मागे लावायला विसरू नये. माकडे कमी पडली तर मंकी क्यूब पाण्याने भिजवावा, त्यातून माकड तयार होते.

पडद्यावर त्या माकडाची सुप्त उत्परिवर्तने दिसतात. त्यांची नावे कळत नाहीत, फक्त क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ ‘म्युटेशन १२’. एका राउंडमध्ये हा क्रमांक बदलत नाही, म्हणजे एका माकडातले १२ आणि दुसऱ्या माकडातले १२ हे एकच उत्परिवर्तन असते. वहीत क्रमांक लिहून ठेवण्याची सवय इथेच लावून घ्यावी. एखादे उत्परिवर्तन निवडले की अक्षरांच्या सोळा जोड्या समोर येतात. बारावीच्या जीवशास्त्रात पाठ केलेला नियम इथे चालतो: ए समोर टी आणि जी समोर सी. काही घरांत अक्षराऐवजी एक्स असतो. जोडीतले एक अक्षर दिसत असेल तर दुसरे भरणे हा पोरखेळ आहे. एक्सवर टिचकी मारत हवे ते अक्षर आणायचे.

खरी अडचण जोडीतली दोन्ही अक्षरे गहाळ असतात तेव्हा येते. अशा एका जोडीसाठी चार शक्यता असतात, कारण ए-टी आणि टी-ए या वेगळ्या मोजल्या जातात, तसेच जी-सी आणि सी-जी. एक जोडी पूर्ण गहाळ असेल तर चार प्रयत्नांत उत्तर सापडते, दोन असतील तर सोळा, तीन असतील तर चौसष्ट. सोळापर्यंत मी हाताने करतो. चौसष्टच्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी ते माकड बाहेर काढून दुसरे आत घालावे. त्याच्यात तोच क्रमांक असेल तर मूळ क्रम तोच असतो, पण गहाळ घरे निराळी असतात. एकाची भोके दुसऱ्याच्या अक्षरांनी बुजवता येतात. पहिल्या माकडाचा क्रम कागदावर उतरवून घेतलेला नसेल तर ही सोय वाया जाते, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात. पडद्यावरचा क्रम आपल्या लक्षात राहील, हा भ्रम आहे.

एवढे करूनही एखादी जोडी अडलीच, तर ‘जोकर’ वापरावा. तो त्या घरातले अचूक अक्षर बसवतो, पण पुन्हा वापरण्यासाठी मुळात वीस मिनिटे थांबावे लागते. म्हणून तो सोप्या उत्परिवर्तनावर खर्च करू नये. ज्याच्यात जास्त घरे गहाळ, ते बहुधा जास्त मोलाचे, असा ढोबळ नियम धरून चालावे. जवळची सगळी माकडे तपासून झाली आणि नवे काही उरले नाही, तर ‘स्क्रॅम्बल’ करून माकडाची जनुके नव्याने पिसता येतात. मात्र त्याने माकडाच्या जनुकांना इजा होते. हे माणसावर करू नये, स्वतःवर तर मुळीच नाही.

सोळाही जोड्या बरोबर लागल्या की उत्परिवर्तन जागे होते, त्याचे नाव उलगडते आणि ते कन्सोलमध्ये साठवता येते. खोकला, बहिरेपणा, आकडी असे काहीतरी निघाले तर हिरमुसू नये. साठवून ठेवावे.

आता द्राक्षाचा दाखला. कन्सोलमधून दोन प्रकारचे इंजेक्टर निघतात, अ‍ॅक्टिव्हेटर आणि म्युटेटर, आणि त्यांतला फरक भावाला कितीदा सांगूनही उमजेना. शेवटी मी म्हटले, ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावतोस ना, तो अ‍ॅक्टिव्हेटर. पेस्ट लावल्याने झोपलेला डोळा फुटतो. जिथे डोळाच नाही तिथे पेस्ट लावून काही उगवत नाही. म्युटेटर म्हणजे कलम, बाहेरची काडी आणून बसवलेली. अ‍ॅक्टिव्हेटर फक्त त्याच माणसावर चालतो ज्याच्या जनुकांत ते उत्परिवर्तन आधीपासून सुप्त आहे. म्युटेटर कोणावरही चालतो, पण त्याची किंमत द्यावी लागते. प्रत्येकाची जनुकीय स्थिरता १०० धरलेली असते, आणि बाहेरून घातलेले प्रत्येक उपयोगी उत्परिवर्तन त्यातून काही गुण खाते. स्थिरता घटत गेली की अंगावर शहारे येतात, कातडी हलल्याचे भास होतात, आणि ती शून्यावर येऊनही दुर्लक्ष केले तर शरीर विरघळण्यापर्यंत वेळ येते. तेव्हा कोणालाही टोचण्याआधी त्याला स्कॅनरमध्ये घालून त्याच्यात काय सुप्त आहे ते पाहावे. जे आतच आहे ते अ‍ॅक्टिव्हेटरने जागे करावे आणि स्थिरता बाहेरच्यांसाठी राखून ठेवावी. थॉमसन सीडलेसच्या बागांतून निवड करत तासगाव भागाने तास-ए-गणेश ही जात पुढे आणली. आतले ओळखून ते वाढवणे ही गोष्ट आमच्याकडच्या बागायतदाराला नवी नाही.

अ‍ॅक्टिव्हेटर एखाद्या योग्य माकडावर वापरून रिकामा इंजेक्टर कन्सोलमध्ये परत घातला, तर कधीकधी गुणसूत्र मिळते. ही गुणसूत्रे उत्परिवर्तनाला जोडायची असतात. स्टॅबिलायझर जोडल्यास स्थिरता कमी खर्च होते, सिंक्रोनायझर दुष्परिणाम घटवतो, पॉवर परिणाम वाढवतो, एनर्जेटिकमुळे शक्ती पुन्हा वापरण्यापर्यंतचा अवधी कमी होतो आणि रीइन्फोर्समेंट असल्यास म्युटाडोनने ते उत्परिवर्तन निघत नाही. म्युटाडोन हे उत्परिवर्तने काढून टाकणारे औषध. ते रसायनशाळेतून आधीच मागवून खिशात ठेवावे. ते जवळ नसताना दुसऱ्याला सुई टोचणाऱ्याला मी जनुकशास्त्रज्ञ म्हणत नाही.

दोन उत्परिवर्तने एकत्र करून तिसरे मिळवण्याची सोयही कन्सोलमध्ये आहे, आणि मघाशी साठवून ठेवलेला कचरा इथे कामाला येतो. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ हे अंगातून किरणोत्सर्ग होणारे उपद्रवी उत्परिवर्तन आहे, पण ते ‘स्ट्रेंग्थ’शी जोडले की हल्क, ‘थर्मल व्हिजन’शी जोडले की एक्स-रे दृष्टी आणि ‘इन्सुलेटेड’शी जोडले की शॉक टच, म्हणजे स्पर्शाने विजेचा धक्का देण्याची शक्ती, मिळते. ‘अँटेना’ आणि ‘पॅरानॉइया’ मिळून दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती तयार होते. हल्क तयार झाला की तो पहिल्या येणाऱ्या माणसाला देण्याचा मोह होतो. तो टाळावा. हिरवा, भिंती फोडणारा आणि बंदूक हाताळू न शकणारा माणूस गल्लीत दिसला की सुरक्षा विभाग आधी गोळी घालतो, मग विचारतो, आणि सुई कोणी टोचली याचा शोध तुमच्या दारापाशी येऊन थांबतो. शक्ती कोणाला दिली, कशासाठी दिली, याची नोंद कागदावर करून सही घ्यावी. भूमिका निभावण्याच्या दृष्टीनेही हा कागद फार मजा आणतो.

साधारण चार-पाच राउंड इथे काढले की कन्सोल डोळे मिटून चालवता येतो. त्यानंतर तीच खोली कंटाळवाणी वाटू लागते, आणि तशी वाटू लागली की खाणीची वेळ आली.

खाणीत उतरताना

आपल्या भागात खाण म्हटले की जांभ्या दगडाची किंवा खडीची, आणि क्रशर म्हटले की धुरळा उडवणारा खडीचा क्रशर. खेळातला क्रशर हे शस्त्र आहे, हे आधी सांगून ठेवतो. शाफ्ट मायनर पुरवठा विभागात, क्वार्टरमास्टरच्या हाताखाली काम करतो. त्याच्या लॉकरमध्ये एक्सप्लोरर सूट, गॅस मास्क, मेसॉन चष्मा, खनिज शोधणारा स्कॅनर, कुदळ, खनिजाची पिशवी, सुरी आणि प्रोटो-कायनेटिक अ‍ॅक्सिलरेटर ही बंदूक मिळते. सगळे अंगावर चढवून, प्राणवायूची टाकी तपासून, मगच यानात बसावे. घाईने निघालेला माणूस नेमका मास्क विसरतो.

सोबत एक मायनिंग व्हाउचर असते आणि त्यावर एकच संच मिळतो. अनुभवी लोक त्यावर क्रशर घेतात: आधी दुरून खूण मारायची, मग जवळ जाऊन घाव घालायचा, आणि पाठीमागून घातला तर अधिक इजा. आपल्या पाव सेकंदाच्या उशिरात हे जमत नाही. नवशिक्याने जादा सर्व्हायव्हल कॅप्सूल असलेला एक्सप्लोरर वेबिंगचा, म्हणजे सामान अडकवायच्या पट्ट्याचा, संच घ्यावा आणि अ‍ॅक्सिलरेटरवर भागवावे. ही बंदूक आपोआप भरते, खडकही फोडते, आणि कमी दाबाच्या हवेत तिचा मार पुरेपूर बसतो. तळाच्या आत, भरलेल्या हवेत, ती फारच दुबळी होते. एखादा प्राणी आत शिरला तर तिच्यावर विसंबू नये.

लाव्हालँडवर उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटे तळ नजरेआड होऊ देऊ नये. खडकाच्या दिशेने चालत गेले की कुदळ आपोआप चालते. स्कॅनर आणि मेसॉन चष्म्यामुळे कोणत्या खडकात काय आहे ते दिसते, आणि पिशवी जवळ असली की पायाखालचे खनिज तिच्यात जमा होते. मोठी फेरी असेल तर ओअर बॉक्स मागे ओढत न्यावा. आणलेल्या खनिजाबद्दल मायनरला गुण मिळतात. मी शिकलो त्या आवृत्तीत एका नगाचे गुण असे होते: लोखंड आणि वाळू १, प्लाझ्मा १५, चांदी १६, सोने १८, युरेनियम ३०, हिरा आणि ब्लूस्पेस स्फटिक ५०. पन्नास नग लोखंड आणले तर पन्नास गुण, तेवढेच युरेनियम आणले तर दीड हजार. तरीही लोखंड आणि वाळू टाकून देऊ नये, कारण स्थानकाची काच आणि पत्रे त्यांच्यापासूनच होतात.

अलीकडच्या टीजीस्टेशनमध्ये यात भर पडली आहे. जमिनीत खनिजाची मुखे असतात. ती स्कॅन केली की एक ड्रोन येतो, आणि त्याचे काम होईपर्यंत चालून येणाऱ्या प्राण्यांपासून त्याला वाचवावे लागते. मुख मोकळे झाले की त्यातले धोंडे यंत्राने तळावर येतात आणि तिथे त्यांच्यावर प्रक्रिया होते. हे काम एकट्याने करू नये. दुसरा मायनर येईपर्यंत साधी खोदाई करावी.

गिब्टोनाइट हे खनिज सुरुंगासारखे आहे. खोदताना त्यावर घाव बसला की ते फुटण्याच्या तयारीला लागते. पळण्याआधी हातात स्कॅनर आहे का ते पाहावे, कारण स्कॅनर लावला की साखळी थांबते आणि तो दगड अख्खा काढता येतो. स्फोटाचा क्षण जितका जवळ आल्यावर थांबवाल तितका तो दमदार निघतो. विहिरीच्या कामावर सुरुंग लावणारी माणसे पाहिलेल्यांना ही हाव किती वेडी आहे हे कळेल.

प्राण्यांपैकी गोलायथ हळू चालतो, पण जमिनीतून शुंडा काढून पाय धरतो. त्याच्यासमोर एका जागी उभे राहू नये, दोन पावले सरकत गोळी घालावी. त्याच्या कातड्याचे तुकडे सूटला लावून कवच वाढवता येते, तीन वेळा. वॉचर दुरून गारठवणारे किरण सोडतो, म्हणून त्याला खडकाच्या कोपऱ्याआड आणून मारावे. लीजन कवट्या फेकतो. आधी त्या टिपाव्यात, मग त्याला. तो मेल्यावर मिळणारे रीजनरेटिव्ह कोर जखमा भरते, पण काही मिनिटांत निर्जीव होते. ते टिकवायचे असेल तर स्टॅबिलायझिंग सीरम लागतो. जीपीएसवर विचित्र नावाचे संकेत दिसले तर तिकडे टेंड्रिल, म्हणजे प्राणी बाहेर सोडणारा जमिनीतला कोंब, किंवा महाकाय प्राणी असतो. टेंड्रिल मारला की पेटी मिळते, पण लगेच भोवतालची जमीन खचून दरी पडते. माझा भाऊ पेटीसकट दरीत गेला आहे, दोनदा.

राखेचे वादळ येण्याआधी वाऱ्याचा हुंकार ऐकू येतो आणि पडद्यावर सूचना येते. त्याच क्षणी तळाकडे निघावे. तळ लांब असेल तर मोकळी जागा पाहून सर्व्हायव्हल कॅप्सूल टाकावी आणि दोन पावले मागे सरावे. तिच्यातून खोली उभी राहते. ‘एवढी एक खनिजाची शीर खोदून जातो’ असे म्हणणारे मायनर मी राखेत सापडलेले पाहिले आहेत, आणि त्यांतला एक मीच होतो.

माल आणि शक्ती यांची देवघेव

स्थानकावर परतल्यावर खनिज ओअर रिडेम्पशन मशीनमध्ये घालावे, ओळखपत्रावर गुण घ्यावेत आणि त्या गुणांवर वस्तू देणाऱ्या व्हेंडर यंत्रातून पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटरची सुधारणा घ्यावी: आधी लवकर भरण्याची, मग इजा वाढवण्याची. वितळलेला धातू सायलो या सामायिक साठ्यातून सगळ्या विभागांना मिळतो. पहिल्या अर्ध्या तासात चांदी, सोने आणि टायटॅनियम पोहोचले नाही तर विज्ञान विभाग हात चोळत बसतो. मायनर वेळेत परतला की त्या धातूंतून चांगले सुटे भाग बनतात, ते डीएनए स्कॅनरमध्ये बसतात, आणि मघाशी सांगितलेली जोकरची वीस मिनिटांची वाट कमी होते. म्हणून खाणीतून येताना कोलन-यू वर काय आणले ते सांगावे, आणि जनुकशाळेकडून आपल्याला काय हवे तेही सार्वजनिक रेडिओवर मागावे. टेलिकायनेसिस असेल तर लाव्ह्यापलीकडे पडलेली वस्तू दुरूनच उचलता येते. लघुग्रहावर खाण असलेल्या नकाशात थंडी आणि निर्वात दाब सोसणारे स्पेस अ‍ॅडॅप्टेशन मागावे. श्वासासाठी टाकी मात्र तेव्हाही लागतेच. मायनरला थेट लढाईसाठी हल्क मागू नये, कारण मग हातातली अ‍ॅक्सिलरेटर चालवता येत नाही.

राउंड संपताना स्थानक सोडण्याचे यान बोलावले जाते. ते यायला किती वेळ लागेल हे सतर्कतेच्या पातळीवर ठरते, आणि आल्यावर ते तीन मिनिटेच थांबते. घोषणा ऐकू आली की जनुकशास्त्रज्ञाने स्कॅनरमधला माणूस बाहेर काढावा. मायनरने हातातली शीर अर्धी सोडून खाणीचे यान गाठावे. परतताना रिडेम्पशन मशीनपाशी गुण घ्यायला थांबू नये. ते पुढच्या राउंडला चालत नाहीत.